पगाराआधी व्हिसा विचारा

पुसद असो, वणी असो की दारव्हा. परदेशातल्या मुलाचं स्थळ आलं की बैठकीतले प्रश्न ठरलेले. पगार किती, घर स्वतःचं की किरायाचं, सुटीवर कधी येतो? मुलगा कोणत्या व्हिसावर आहे, मुलगी कोणत्या व्हिसावर जाईल आणि तिला तिथे नोकरी करता येईल का, हे विचारायची आठवण सहसा मांडव उतरल्यावर होते. माझं म्हणणं, ते साक्षगंधाच्या आधीच विचारलं पाहिजे. यावर तीन आक्षेप घेतले जातात.

पहिला: असं विचारणं म्हणजे सोयऱ्यांवर अविश्वास. पण शेतीवाल्या स्थळाचा सातबारा पाहताना आपल्याला संकोच वाटत नाही, दाखवणाऱ्यालाही अपमान वाटत नाही. बोजा दिसला म्हणून सोयरिक मोडतेच असंही नाही. फक्त तो लग्नाआधी दोन्ही घरांना माहीत होतो. व्हिसाच्या बाबतीत एवढंच अपेक्षित आहे.

दुसरा: नवरा तिथे आहे म्हटल्यावर बायको आज ना उद्या जाणारच. नियमांपुढे हा समज टिकत नाही. ब्रिटनमध्ये जानेवारी २०२४ पासून सुरू झालेल्या नेहमीच्या एम.एस्सी. अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला बायकोला अवलंबित म्हणून नेता येत नाही. मार्च २०२४ पासून नव्याने गेलेल्या केअर वर्करलाही नाही. तिथे स्थायिक झालेल्याने बायकोला बोलवायचं तर उत्पन्नाची अट वर्षाला १८,६०० पौंडांवरून ११ एप्रिल २०२४ ला २९,००० वर गेली. अमेरिकेत एच-वन-बीवाल्याची बायको एच-फोरवर जाते खरी. पण नोकरीची मुभा, तीही २०१५ पासून, नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं प्रकरण ठरावीक टप्प्यापर्यंत पोचलं असेल तरच. नवरा विद्यार्थी असेल तर एफ-टूवर तिला नोकरी करताच येत नाही. जर्मनीत उलट. जोडीदार म्हणून गेलेल्याला काम करता येतं, मात्र जाण्याआधी अनेकांना ए-वन पातळीपुरती जर्मन शिकावी लागते. नवऱ्याकडे ब्लू कार्ड असेल तर तीही अट नाही. यवतमाळात इंजिनिअरिंग केलेली मुलगी तिकडे नोकरीला लागेल की घरात बसेल, हे नवऱ्याच्या पगारावरून कळत नाही.

तिसरा: कागदपत्रांचं एजंट बघून घेईल. एजंट फॉर्म भरेल, मुंबईची तारीख मिळवेल. पण शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं आणि पासपोर्टवर आडनावाचं तिसरंच स्पेलिंग, हा गुंता ज्या त्या कचेरीतच सोडवावा लागतो. लग्नाची नोंद १९९८ च्या राज्य कायद्याखाली होते, गावात ग्रामपंचायतीत, शहरात नगरपरिषदेत. मुदत ९० दिवसांची. तिथे नवरा-नवरीसोबत तीन साक्षीदार लागतात, लग्न लावणाऱ्याचीही सही लागते. नवरदेव सुटी संपवून उडाला आणि नोंद राहून गेली, तर एजंट त्याची सही कुठून आणणार?

बहुतेक मुलं प्रामाणिक असतात आणि उशीर सरकारांमुळे होतो, असंही सांगितलं जातं. मान्य. म्हणूनच तर हा प्रश्न मुलाच्या स्वभावाचा नाही. प्रामाणिक नवऱ्यालाही नियम वाकवता येत नाही. आणि अप्रामाणिक नवरेही आहेतच. त्यांनी टाकलेल्या बायकांच्या तक्रारींसाठी राष्ट्रीय महिला आयोगाला २००९ मध्ये स्वतंत्र कक्ष काढावा लागला.

तेव्हा बैठकीत चार गोष्टी ठरवून घ्याव्यात. मुलाच्या व्हिसाचा प्रकार आणि मुदत कागदावर पाहावी. मुलीला कामाची परवानगी कधी आणि कशावर मिळेल ते विचारावं. पासपोर्टवर माहेरचंच नाव ठेवायचं की बदलायचं, हे मुलीने ठरवावं आणि सगळे कागद त्याप्रमाणे जुळवावेत. लग्नाची नोंद मुलाच्या परतीच्या तिकिटाआधी उरकावी, दाखल्याची मूळ प्रत मुलीकडे राहावी. व्हिसा लांबला तर मुलगी कुठे राहणार, तिची नोकरी सुटणार की चालू राहणार, हेही त्याच बैठकीत बोलून घ्यावं.

एवढं विचारल्यावर एखाद्या घराला राग येईलही. येऊ द्यावा. तो लग्नानंतर कळण्यापेक्षा साक्षगंधाआधी कळलेला बरा.