बेकारानें गाणें ऐकूं नये काय ?

ज्याला नोकरी नाहीं त्याला आनंदहि नसावा, असें एक अलिखित शास्त्र आमच्या पांढरपेशा समाजांत फार दिवसांपासून चालत आलें आहे. पदवी घेऊन दोन वर्षें घरीं बसलेला मुलगा संध्याकाळीं मैदानावर खेळावयास गेला कीं शेजारी नाक मुरडतात. तो कादंबरी वाचतांना दिसला कीं हिनें पोट भरणार आहे काय, असें वडील विचारतात. आणि मोबाइलवर एखादा ख्याल लावून तो डोळे मिटून बसला, तर त्याला निर्लज्ज म्हणावयास घरचें कोणीहि मागेंपुढें पाहत नाहीं. मुलींची गोष्ट याहून निराळी. त्यांच्या बेकारीला कोणी बेकारी म्हणतच नाहीं. हातीं केरसुणी देऊन तो प्रश्न परस्पर मिटविला जातो. हें शास्त्र खोटें आहे, आणि केवळ खोटें नसून क्रूर आहे, असें आमचें मत आहे.

प्रथम हें पाहूं कीं, हे शास्त्रकार स्वतः तरी आपल्या शास्त्रावर विश्वास ठेवतात काय ? घरभाड्यावर किंवा व्याजावर जगणारा गृहस्थ सकाळीं वर्तमानपत्र, दुपारीं झोंप आणि रात्रीं मैफल असा दिनक्रम आयुष्यभर चालवतो. त्याला आम्ही रसिक म्हणतों. पेन्शनर दिवसभर क्रिकेटचा सामना पाहत बसला तर त्यानें जन्मभर कष्ट केले, आतां त्यानें आराम करावा, असें म्हणतों. पेन्शनराचें एक वेळ सोडून देऊं. पण ज्यानें वडिलांच्या इस्टेटीपलीकडे कांहींच पाहिलें नाहीं त्याला हा प्रश्न कोणी कां विचारीत नाहीं? उत्तर उघड आहे. आमचा आक्षेप रिकामपणावर नाहीं. तो रिकाम्या खिशावर आहे. दारिद्र्याला नीतीचा दोष ठरवून टाकलें कीं समाजाची जबाबदारी संपते, एवढाच या शास्त्राचा मतलब.

यावर एक सभ्य उत्तर दिलें जातें. तें असें : आनंदानें बेकार मनुष्य सुस्त होतो, त्याला चटके बसले पाहिजेत, म्हणजे तो काम शोधील. हें उत्तर ऐकावयास तर्कशुद्ध वाटतें. पण तें अनुभवाच्या कसोटीस उतरत नाहीं. ही कसोटी एकदां फार बारकाईनें लावली गेली आहे. ऑस्ट्रियांत व्हिएन्नाजवळ मारियेन्थाल नांवाचें एक गिरणीचें गांव आहे. जागतिक मंदीच्या काळांत, १९२९ व १९३० या दोन सालांत, तेथील कापडाचा कारखाना बंद पडला आणि ४७८ कुटुंबांपैकीं सुमारें तीन-चतुर्थांश कुटुंबांत नोकरीवर असलेलें एकहि माणूस उरलें नाहीं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड व हान्स झाइझेल यांनीं या गांवाची पाहणी करून १९३३ सालीं ती पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. आमच्या शास्त्रकारांच्या हिशेबानें त्या गांवांत काय व्हावयास पाहिजे होतें ? वेळ मुबलक, तेव्हां लोकांनीं वाचनांत आणि करमणुकींत बुडून जावयास पाहिजे होतें. झालें अगदीं उलट. कामगारांच्या ग्रंथालयांत पूर्वी वर्गणी होती, ती आतां माफ झाली होती. तरीहि १९२९ ते १९३१ या दोन वर्षांत वाचावयास नेलेल्या पुस्तकांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. पुरुष रस्त्यावरून रेंगाळत चालत, वारंवार थबकत. पुष्कळांनीं खिशांत घड्याळ बाळगणेंहि सोडून दिलें. बायकांना मात्र घरकामामुळें दिवस पुरत नसे. वेळ वाढला आणि आनंद आटला.

याच पाहणींत दुसरी एक गोष्ट आहे, ती तर शास्त्रकारांनीं पाठच करावी. अभ्यासकांनीं शंभर कुटुंबें निवडून त्यांच्या मनःस्थितीप्रमाणें चार वर्ग केले : १६ कुटुंबें न खचलेलीं, ४८ निमूटपणें सोसणारीं, ११ निराश आणि २५ सर्वस्वीं उदासीन. जीं न खचलेलीं होतीं, त्यांच्याच घरांत जगण्याचा उल्हास होता, त्यांच्याच घरांत पुढचे बेत होते आणि काम शोधण्याची धडपडहि त्यांच्याच घरांत टिकून होती. म्हणजे आनंद आणि उद्योग हे एकमेकांचे वैरी नाहींत. ते एकाच घरांत नांदतात आणि एकदमच घर सोडतात. आणि हे वर्ग कशानें ठरले ? दर माणशीं मासिक उत्पन्न पाहिलें, तर पहिल्या वर्गाचें ३४ शिलिंग, दुसऱ्याचें ३०, तिसऱ्याचें २५ व चौथ्याचें १९. चार-पांच शिलिंगांनीं माणसाचें चारित्र्य बदलल्यासारखें दिसतें ! ज्याला आपण आळस म्हणून शिव्या देतों, तो पुष्कळदां केवळ उपासाचा परिणाम असतो. त्याच गांवांत एका मनुष्यानें तोंडाचा बाजा वाजवून चार पैसे मिळविले, तर त्याची बेकारीची मदत कांहीं काळ बंद करण्यांत आली. शास्त्रकार केवळ आमच्याच आळींत राहतात असें नाहीं. ते सरकारी कचेरींतहि बसतात.

आतां दुसऱ्या बाजूच्या मित्रांनाहि दोन शब्द सांगितले पाहिजेत. कांहीं विद्वान रिकामपणाचीच स्तोत्रें गातात आणि बेकाराला सांगतात कीं, तुला अनायासें फुरसत मिळाली आहे, तिचा उपभोग घे. बर्ट्रांड रसेल यांनीं १९३२ सालीं आळसाची प्रशंसा केली, तिचा ते दाखला देतात. पण रसेल यांचें म्हणणें काम सर्वांत वांटून घेऊन प्रत्येकानें चार तास करावें, असें होतें. एकाला बारा तास आणि दुसऱ्याला शून्य, ही वांटणी त्यांना मान्य नव्हती. फुरसत ही कामाची दुसरी बाजू आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळें मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० सालीं रविवारची सुट्टी मिळाली; त्या सुट्टीला गोडी होती, कारण तिच्या अलीकडे शनिवार आणि पलीकडे सोमवार होता. गिरणगांवांतील भजनी मंडळें, व्यायामशाळा, कबड्डीचे संघ, कामगारांचीं नाटकें हीं सारीं पगाराच्या दिवशीं दिलेल्या वर्गणीवर उभीं होतीं. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लक्ष कामगार उतरले, आणि पुढें एकामागून एक गिरण्या बंद झाल्या. तेव्हां केवळ मागच थांबले असें नाहीं, त्या वर्गणीचा झराहि आटला. म्हणून बेकारी ही सुट्टी नव्हे, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. आनंद हा कामाचा मोबदला नाहीं आणि कामाला पर्यायहि नाहीं.

मग तो काय आहे ? त्याचें उत्तर पुण्याच्या सदाशिव पेठेंत सांपडेल. मराठवाड्यांतून, विदर्भांतून, खानदेशांतून आलेले हजारों पदवीधर तेथील अभ्यासिकांत दरमहा पैसे भरून स्पर्धा परीक्षांची तयारी करीत असतात. जागा थोड्या, उमेदवार अगणित. एखादी जाहिरात लांबली कीं वर्ष फुकट. या मुलांपैकीं पुष्कळांनीं गाणें, खेळ, कथा-कादंबऱ्या यांवर आपण होऊन बहिष्कार घातलेला असतो. नोकरी मिळेपर्यंत हें सारें पाप, असें त्यांना लहानपणापासून शिकविलेलें असतें. जागा मिळाली तर ठीकच. पण ज्यांना ती मिळत नाहीं, आणि त्यांचीच संख्या मोठी असते, त्यांच्या हातीं वयाच्या तिशींत काय उरतें? नोकरी नाहीं, आणि ज्याच्या आधारानें तें दुःख सोसावें तें मनहि नाहीं. त्यांना आनंदाची बंदी करून आम्ही काय मिळविलें, हें शास्त्रकारांनीं सांगावें.

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, ही म्हण आम्ही बेकारांच्या तोंडावर फेंकतों. पण तिच्यांतला अर्थ आम्ही नीट पाहिलेला नाहीं. गिऱ्हाईक नसतांहि त्या न्हाव्याचा हात स्वस्थ बसत नाहीं, आपली विद्या विसरत नाहीं. उद्यां गिऱ्हाईक आलें, तर तें याच्याकडेच यावें. जो भिंतीकडे नुसता बघत बसला त्याच्याकडे नव्हे. पुस्तक, गाणें आणि खेळ हीं बेकाराच्या तुंबड्या आहेत.

तेव्हां करावयाचें तें इतकें. सार्वजनिक ग्रंथालयांनीं आणि क्रीडामंडळांनीं बेकारांची वर्गणी व अनामत माफ करावी. पण तेवढ्यानें भागणार नाहीं. मारियेन्थालमध्यें ती माफी होती आणि तरीहि पुस्तकें कपाटांत राहिलीं. सरकारनें त्यांच्या हातीं निर्वाहापुरता पैसा आणि काम देण्याची जबाबदारी टाळूं नये, हें मुख्य. आणि आपण घरांतल्या माणसांनीं एक गोष्ट आजच करतां येण्यासारखी आहे : मुलगा अगर मुलगी गाणें ऐकत असतांना नोकरीचा विषय काढूं नये. तो विषय त्यांच्या मनांतून क्षणभरहि गेलेला नसतो.