त्या अस्थींना नाव हवे

फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे 5 डिसेंबर 1971 रोजी भारत-पाक युद्धात पाकिस्तानातील शोरकोटवर हल्ल्यासाठी झेपावले, ते परतले नाहीत. पत्नी दमयंती तांबे, देशाच्या नामवंत बॅडमिंटनपटू, अनेक दशके त्यांचा शोध घेत राहिल्या. 2007 मध्ये बेपत्ता जवानांचे नातेवाईक पाकिस्तानचे तुरुंग पाहून रिकाम्या हातांनी परतले. भारताने पाकिस्तानचे 93 हजार युद्धकैदी परत पाठवले. आपल्या 54 बेपत्तांचा हिशेब मात्र आजही लागलेला नाही.

ते हयात नसतील, तर अस्थी कोठे आहेत हे सांगणे उपकार नव्हे, बंधन आहे. शत्रूच्या मृताची ओळख नोंदवा, सन्मानाने मूठमाती द्या, असे 1949 चा जिनिव्हा करार बजावतो. कारगिलमध्ये पाकिस्तानने आपलेच सैनिक नाकारले; भारतीय लष्कराने त्यांचे इस्लामी रीतीने दफन केले. प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाची कबर असलेल्या महाराष्ट्राला ही रीत नवी नाही.

संबंध सुधारण्याची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. अमेरिका आणि व्हिएतनाम यांचे राजनैतिक संबंध 1995 मध्ये जुळले, बेपत्ता सैनिकांचा संयुक्त शोध 1988 मध्येच सुरू झाला होता. उत्तर कोरियाने 2018 मध्ये अमेरिकेला तिच्या सैनिकांच्या अस्थींच्या 55 पेट्या दिल्या, त्यांत ओळखबिल्ला एकच होता. तरीही दात, छातीचे जुने एक्स-रे आणि नातेवाइकांचा डीएनए जुळवून अनेकांना नाव मिळाले. सियाचीनच्या बर्फात 1984 साली गाडला गेलेला कुमाऊं रेजिमेंटचा जवान 2022 मध्ये बिल्ल्यावरील क्रमांकामुळे घरी पोहोचला. बिल्ला नसता तर?

पलीकडचे दार आपल्या हातात नाही, नातेवाइकांचे डीएनए नमुने आहेत. जुन्या हाडांत टिकणारा माइटोकॉन्ड्रियल डीएनए आईकडून येतो. भावंडे आणि बहिणीची मुले तो देऊ शकतात. पण 1971 च्या जवानांची भावंडे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. म्हणून नांदेड व लातूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी, ज्यांचे पार्थिव घरी आले नाही अशा जवानांची यादी करावी. नांदेडमधील विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्यांच्या नातेवाइकांचे नमुने घ्यावेत आणि संरक्षण मंत्रालयाने ते कायम जपावेत.

उद्या सीमेपलीकडून एखादी पेटी आली आणि जुळवायला नमुनाच नसला, तर तो दोष शत्रूचा नसेल, आपला असेल.