चपला दाराबाहेर

सकाळी उठून पहिले पाऊल जमिनीवर टेकले की टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ येते. भिंत धरून चार पावले टाकली की जरा कमी होते, आणि दिवसभराचे काम उरकून संध्याकाळी पुन्हा ठणकू लागते. वस्तीतल्या बैठकीत एकीने हे सांगायला सुरुवात केली आणि जमलेल्यांपैकी निम्म्याजणी म्हणाल्या, "अगं, माझंही अस्संच!" त्यात चार-पाच घरची धुणीभांडी करणाऱ्या होत्या, साडीच्या दुकानात उभ्या राहणाऱ्या दोघी होत्या, शाळेत खिचडी शिजवणारी एक होती. एकही अशी नव्हती की जिचे काम बसून होते.

उपाय सगळ्यांनीच केले होते. कोणी वीट तापवून त्यावर रुईचे पान ठेवून शेकले, कोणी रात्री तिळाचे तेल चोळले. हल्ली घराघरात फोन आहे. मुलीने त्यावरचे व्यायाम काढून दाखवले, तेही काहींनी केले. एकीला एक्स-रे काढायला लावून "हाड वाढलंय" असे सांगण्यात आले होते. तेव्हापासून ती घाबरून होती.

आधी शरीराचे बघू. तळपायाच्या कातडीखाली टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत एक जाड, चिवट पट्टा असतो. पावलाची कमान तो ताणून धरतो. कडक जमिनीवर तासन् तास उभे राहिले, पोटरीचे स्नायू आखडलेले असले, अंगावर वजन असले की हा पट्टा टाचेपाशी दुखावतो. रात्रभर तो आखडून राहतो आणि पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो, म्हणून सकाळची कळ. बहुतेक टाचदुखी ही अशी असते. वाढलेले हाड म्हणाल तर ते टाच मुळीच न दुखणाऱ्या कितीतरी जणींच्या एक्स-रेतही दिसते. तेव्हा भीती सोडा.

घरचे उपायही खोटे नाहीत. अंथरुणातून उठण्यापूर्वी पायाची बोटे हाताने आपल्याकडे ओढून दहा आकडे मोजेपर्यंत धरायची, असे दहा वेळा. भिंतीला हात टेकून मागचा पाय सरळ, टाच जमिनीला चिकटलेली, अशी पोटरी ताणायची. गार पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवायची. हे नेटाने केले तर बहुतेकींना काही महिन्यांत उतार पडतो. कधी वर्षही लागते. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी मात्र तापलेली वीट लावू नये. तळवा बधिर असला तर भाजलेले कळत नाही. टाचेला सूज असेल, मुंग्या येत असतील, ताप असेल, तर डॉक्टरांना दाखवायचे. इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो, पण ते वारंवार घेतले तर पट्टाच तुटायची भीती असते.

इथपर्यंत कोणाचेच भांडण नाही. आमचे भांडण पुढच्या तीन ओळींशी आहे, ज्या प्रत्येक सल्ल्याच्या शेवटी हमखास येतात: फार वेळ उभे राहू नका. अनवाणी फिरू नका, घरातही मऊ चप्पल वापरा. वजन कमी करा.

कोणाला सांगता हे? उभे राहायचे की नाही हे जिच्या हातात आहे तिला ना? भांडी घासणारी बाई आपली चप्पल दाराबाहेर काढते आणि दुसऱ्याच्या गुळगुळीत, गार फरशीवर दोन तास अनवाणी उभी राहते. मग पुढचे घर, पुन्हा चप्पल बाहेर. त्याच घरात मालकीणबाई मात्र डॉक्टरांनी सांगितलेली मऊ सपाता घालून स्वयंपाकघरात वावरत असतात. सल्ला दोघींना एकच मिळाला, तो पाळता आला एकीला. बैठकीत एकजण म्हणाली, "चप्पल मी माझ्या पैशानं आणीन हो, पण ती ठेवू कुठं? त्यांच्या घरात माझी चप्पल?"

या प्रश्नात जात आहे, हे आपण उघड बोलले पाहिजे. सोवळे गेले म्हणतो आपण. पण कामवालीचा कप वेगळा असतो, संडास वापरायचा नसतो, आणि खुर्चीवर बसायचे नसते. "त्यांनाच संकोच वाटतो, आम्ही कुठे नाही म्हणतो?" हे उत्तर ठरलेले. संकोच कोणी शिकवला? एकदा स्टूल पुढे करून "बसून भाजी चिरा" म्हणून पाहा. आणि हे फक्त 'त्या' मालकिणींबद्दल नाही. चळवळीतल्या आपल्या किती जणींच्या घरी कामाला येणाऱ्या बाईसाठी मोरीपाशी चपलांचा एक जोड ठेवलेला आहे?

वजनाबद्दल तर बोलायलाच नको. उरलेसुरले, भात-चपाती खाऊन वाढलेले वजन हा बाईचा आळस ठरतो. दुखणे अंगावर काढले तर निष्काळजी, आणि दुखते म्हणाली तर कामचुकार!

दुकानांचे पाहा. विलायतेत १८९९ सालीच कायदा झाला, की दुकानात दर तीन स्त्री-विक्रेत्यांमागे निदान एक आसन असलेच पाहिजे. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्यात ४४ वे कलम उभ्याने काम करणाऱ्यांच्या बसण्याच्या सोयीसाठीच होते. पण साडीचे दुकान म्हणजे कारखाना नव्हे. केरळात कोळिकोडच्या बाजारातल्या दुकानांमधून काम करणाऱ्या बायकांनी विजी पेनकूट्टू यांच्याबरोबर आधी लघवीला जाण्याच्या सोयीसाठी आणि मग बसण्यासाठी वर्षानुवर्षे झगडा केला. २०१८ मध्ये तिथल्या सरकारला दुकानांच्या कायद्यात बसण्याचा हक्क घालावा लागला. तामिळनाडूने २०२१ मध्ये तसेच केले. त्या बायकांनीही टाचांना तेल चोळलेच असेल. पण तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत.

घरकामगारांना तर तेवढाही आधार नाही. महाराष्ट्राचा २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा नोंदणीचा आणि मदतीचा. बाईला बसू द्या, असे तो मालकाला सांगत नाही. घरकामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार २०११ मध्ये झाला, त्याला भारताने मान्यता दिलेली नाही.

आणि आपली आरोग्य-शिबिरे? एकेकाळी आपण स्वतःचे शरीर जाणून घ्यायला गोल करून बसलो, ते डॉक्टरांची आणि नवऱ्यांची मक्तेदारी मोडण्यासाठी. एकीचे दुखणे दुसरीला कळले की ते कोठून येते तेही कळायचे. आज आपणच व्यायामाचे पत्रक वाटतो, पोटरी ताणून दाखवतो आणि चहा घेऊन उठतो. फोनवरचा सल्ला तेच करतो, आणि तोही बाईला एकटीला गाठून.

त्या दिवशी बैठकीत व्यायाम झालेच. पण त्यानंतर असे ठरले की दिवाळीत पगारवाढीचे बोलताना प्रत्येकीने आणखी दोन गोष्टी मागायच्या: घरात वापरायला चपलांचा एक जोड, मालकिणीच्या खर्चाने, आणि ओट्याजवळ एक स्टूल. एका इमारतीतल्या सगळ्या कामवाल्यांनी एकाच आठवड्यात मागायचे, म्हणजे एकीलाच काढून टाकता येणार नाही. साडीच्या दुकानातल्या दोघी म्हणाल्या, आमच्या दुकानात अकराजणी आहेत, आधी त्यांच्याशी बोलू. पुढची बैठक त्यांच्या सुट्टीच्या वारी घ्यायची आहे.