गप्प बसणाऱ्या पार्टवाल्याचे नाव चारचौघांत घ्यावे काय?

दिल्लीच्या काश्मिरी गेटच्या बाजारातून फोनवर पार्ट मागवायचा, पैसे आधी पाठवायचे आणि माल आला की गाडीला बसवायचा, ही पद्धत आता मुंब्र्याच्या लहान गॅरेजांतही रुळली आहे. माल बरोबर आला तर प्रश्नच नाही. पण नवा म्हणून पाठवलेला अल्टरनेटर जुनाच रंगवलेला निघाला की दुकानदाराचा फोन लागेनासा होतो. इकडे गाडी अडून राहते, गिऱ्हाईक रोज दारात येते आणि बेइमान ठरतो तो मिस्त्री.

अशा वेळी दुकानाचे नाव जाहीर केले तर ती गीबत होईल काय, असे आपले अनेक बांधव विचारतात. सूरह निसाच्या 148 व्या आयतीत वाईट गोष्टीची जाहीर वाच्यता नापसंत ठरवताना ज्याच्यावर जुल्म झाला त्याला सूट दिली आहे. तेव्हा नाव जरूर घ्यावे, असे आमचे मत आहे. मात्र आधी लेखी तक्रार पाठवून पंधरा दिवस वाट पाहावी. नंतर लिहिताना तारीख, बिल नंबर, पार्ट नंबर, दिलेली रक्कम आणि न मिळालेले उत्तर एवढेच लिहावे. ‘चोर’, ‘लुटारू’ हे शब्द कटाक्षाने टाळावेत. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 प्रमाणे बदनामीच्या खटल्यात नुसते खरे असून भागत नाही, ते लोकहितासाठी सांगितले हेही दाखवावे लागते. रागाच्या भरात लिहिलेल्या एका शब्दाने फिर्यादीच आरोपी होऊन बसतो.

पैसे मात्र नाव घेतल्याने परत येतीलच असे नाही. त्यासाठी 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, म्हणजे मुंब्र्याच्या माणसाला दिल्ली गाठायची गरज नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षांची. अडचण एकच, आणि ती गॅरेजवाल्यांनी नीट समजून घ्यावी: पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा या कायद्याने ग्राहक ठरत नाही. पोटापाण्यासाठी स्वतः वापरायचा कॉम्प्रेसर घेतला तर मिस्त्री ग्राहक असतो, पण गिऱ्हाइकाच्या गाडीसाठी आपल्या नावाने घेतलेल्या पार्टवर वाद उभा राहतो. म्हणून महागड्या पार्टचे बिल गाडीमालकाच्याच नावाने करून घ्यावे.

आपल्यातले कितीतरी जण स्वतः पार्ट विकतात, त्यांच्यासाठीही दोन शब्द. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हा बिलावरचा छाप सदोष मालाच्या बाबतीत आड येऊ शकत नाही. बिलावर मुदत नसेल तर तीस दिवसांत सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हा कायद्याने अनुचित व्यापार आहे, आणि बिल न देणे हाही. ज्यांनी हा छाप मारून ठेवला आहे त्यांनी पुढचे बिलबुक छापताना तो काढावा.