आकाशातला टेहळ्या

मुलांनो, अहिल्यानगरचं (म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरचं) रणगाडा संग्रहालय तुमच्यापैकी कुणी पाहिलंय का? रणगाड्याशेजारी उभं राहिलं, की आपण अगदीच चिमुकले वाटतो. जाड पोलादी चिलखत, लांबलचक तोफ आणि चाळीस-पंचेचाळीस टन वजन! मग एवढ्या धिप्पाड गड्याने हातात मावणाऱ्या ड्रोनला का बरं घाबरावं?

त्यासाठी आधी तोफखान्याची अडचण समजून घेऊ. मोठ्या तोफा आघाडीच्या बऱ्याच मागे असतात. तिथून तोफचींना शत्रूचा रणगाडा दिसतच नाही. म्हणून एक जवान दुर्बीण घेऊन पुढे लपून बसतो आणि कळवतो, "गोळा शंभर मीटर उजवीकडे पडला, डावीकडे घ्या!" काम मोठं जोखमीचं.

आता हेच काम ड्रोन करतो. तो वरून चित्र पाठवतो, आणि तेही रात्रीसुद्धा, बरं का! उष्णता टिपणारा कॅमेरा असला, की तापलेलं इंजिन काळोखात उठून दिसतं. काही ड्रोन रणगाड्यावर लेसर किरणाचा ठिपका धरतात. खास बनवलेला गोळा त्या ठिपक्याचा परावर्तित प्रकाश ओळखतो आणि नेमका तिथेच येतो. त्यातून रणगाड्याचं चिलखत समोर सर्वांत जाड, पण छतावर पातळ!

२०२२ साली रशियाने युक्रेनवर मोठं आक्रमण केलं. त्या युद्धात हे पुष्कळ दिसलं. मग रणगाड्यांच्या डोक्यावर लोखंडी पिंजरे आले. ड्रोनचे रेडिओ संदेश बिघडवणारी यंत्रं आली. त्यावर उपाय म्हणून मागे बारीक काचतंतू सोडत उडणारे ड्रोन आले. शेरास सव्वाशेर!

पण मित्रांनो, पडद्यावर दिसणारा तो रणगाडा म्हणजे व्हिडिओ गेम नव्हे. रशियन बनावटीच्या टी-७२ रणगाड्यात तीन माणसं बसलेली असतात. त्यांच्याही घरी कुणीतरी वाट पाहत असतं.

१९९१ च्या आखाती युद्धातली गोष्ट ऐका. कुवेतच्या फैलाका बेटावर इराकी सैनिक होते. अमेरिकेच्या 'विस्कॉन्सिन' युद्धनौकेने 'पायोनियर' नावाचं वैमानिक नसलेलं विमान तिकडे पाठवलं. त्याची घरघर ऐकताच सैनिकांनी ओळखलं, की याच्या मागोमाग तोफगोळे येणार! त्यांनी रुमाल, बनियन, चादरी, मिळेल ते हलवून शरणागती पत्करली. एका यंत्रापुढे माणसं शरण आली!

यंत्राने मात्र फक्त चित्र दाखवलं. त्या हलणाऱ्या रुमालांचा अर्थ समजला तो पडद्यासमोर बसलेल्या माणसांना.

आता लक्ष्य स्वतःच ओळखणारे ड्रोन तयार होत आहेत. अशा यंत्राला पांढरा रुमाल कळेल? तोफ डागायची की नाही, हे कुणी ठरवावं? आज जेवताना आई-बाबांनाही विचारा. आणि तुमचं उत्तर आम्हाला जरूर लिहून पाठवा हं!