दोहोंकडची दलाली

दसऱ्याला बयाणा द्यायचा आणि दिवाळीच्या पाडव्याला नव्या घरात कलश ठेवायचा, असा बेत आपल्याकडे पुष्कळ घरांतून ठरतो. साडेतीन मुहूर्तांपैकी दीड मुहूर्त या वीस-एकवीस दिवसांत येतात, मग माणसाला घाई सुटली तर नवल कसले? पण ही घाई आपल्याइतकीच आणखी एका गृहस्थाला ठाऊक असते. तो म्हणजे घरकर्ज करून देणारा एजंट.

समजा, नांदेडच्या तरोडा भागात एका शिक्षक दांपत्याने फ्लॅट पसंत केला आहे. बयाणा दिला आहे, आणि ठरलेल्या तारखेस उरलेले पैसे न दिल्यास बयाणा बुडेल, असे इसारपावतीवर स्वच्छ लिहिले आहे. कर्ज पंचवीस लाखांचे. एजंट मोठा गोड. "सर, तुम्ही फक्त सह्या करा. बँकेत सगळी आपलीच माणसं आहेत." महिनाभर तो खेपा घालतो, चहा पितो, मॅडमना ताई म्हणतो आणि पैशांचे नावही काढत नाही. खरेदीखताला दोन दिवस उरले, की मात्र एका संध्याकाळी म्हणतो, "ते आपलं एक टक्का राहिलंय." म्हणजे पंचवीस हजार! तेही रोख, आणि पावती नाही. नाही म्हणावे तर चेक अडकेल ही भीती, आणि चेक अडकला तर बयाणा जाईल ही दुसरी.

ही रक्कम देणे लागतो काय? बहुतेक वेळा लागत नाही. कारण या गृहस्थाची दलाली बँक किंवा गृहवित्त कंपनी आधीच देत असते. बँकेने नेमलेल्या अशा एजंटांसाठी भारतीय बँक संघाने आदर्श आचारसंहिता केलेली आहे. तिच्यात ग्राहकाकडून भेट किंवा लाच घेऊ नये, कोणी पैसे देऊ केलेच तर ते वरिष्ठांना कळवावे, असे सांगितले आहे. आमच्या ओळखीच्या एजंटांपैकी किती जणांनी ती उघडून पाहिली असेल, हा प्रश्न येथे विचारू नये हे बरे.

मोंढ्यात आयुष्य काढलेल्या लातूरकराला ही गोष्ट फोड करून सांगण्याची गरज नाही. अडत कोणी द्यायची, विकणाऱ्याने की घेणाऱ्याने, हा वाद तो लहानपणापासून ऐकत आला आहे. फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी, असे राज्य शासनाने 2016 साली ठरविले तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले होते. परंतु एकाच पोत्यावर दोघांकडून पुरती अडत घेणारा अडत्या मोंढ्यात फार दिवस टिकत नाही. कर्जाच्या बाजारात मात्र तो टिकतो, कारण येथे गिऱ्हाईक जन्मात एकदाच येते. अमेरिकेत 2008 च्या घरकर्जांच्या पडझडीनंतर या दुहेरी कमाईवर नियमाने बंदी आली. 2011 पासून तेथे कर्ज जुळवून देणाऱ्याने ऋणकोकडून मोबदला घेतला, तर त्याच कर्जावर सावकाराकडून तो घेता येत नाही.

आता एजंटाची गरज मुळात का पडली, हेही पाहिले पाहिजे. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांची बँक म्हणजे हैदराबाद बँक. 1941 साली निजामाच्या राज्यात निघालेली ही बँक 1 एप्रिल 2017 रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. पूर्वी शाखेतला मॅनेजर नावानिशी ओळखत असे. आता फाइल शाखेतून दुसऱ्याच केंद्रात जाते, आणि ती कोठे अडली हे सांगणारे माणूस सापडत नाही. त्या पोकळीत एजंट उभा आहे. शिवाय नांदेड-लातुरात गुंठेवारीचे प्लॉट काय थोडे आहेत? 2001 च्या कायद्याप्रमाणे नियमित न झालेल्या जागेवर मोठ्या बँकेचा वकील सही करायला धजत नाही. अशी फाइल घेऊन जो चार ठिकाणी हिंडतो, नियमितीकरणाचे कागद जमवून देतो, त्याच्या श्रमाला मोल आहे. ते त्याने पहिल्याच दिवशी आकडा लिहून मागितले, तर आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती शेवटच्या संध्याकाळी उगवणाऱ्या एक टक्क्याबद्दल.

दुसरी एक मौज अशी की, हा एक टक्का पुष्कळदा खऱ्या खर्चांच्या गर्दीत लपविला जातो. "स्टॅम्प, वकील, साहेब, सगळं धरून चाळीस द्या," असे मोघम सांगितले की शिक्षकाचेही गणित थांबते. तेव्हा खरे खर्च वेगळे काढून पाहावेत. प्रक्रिया शुल्क अर्धा टक्का धरले तर साडेबारा हजार, त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे 14,750 रुपये. घराचे मूळ कागद बँकेत गहाण ठेवतो त्यावरचा मुद्रांक पाच लाखांपुढच्या कर्जास शेकडा 0.3, म्हणजे साडेसात हजार. या गहाणाची सूचना दुय्यम निबंधकाकडे तीस दिवसांत दाखल करावी लागते, तिची फी हजार रुपये आणि वर थोडा हाताळणी खर्च. गहाणाच्या मध्यवर्ती नोंदवहीत नोंद होते तिचे शंभर. वकिलाचा सर्च आणि मूल्यांकन यांचे दर बँकेगणिक वेगळे असतात. कर्जाबरोबर विम्याचा मोठा हप्ता कोणी चिकटवीत असेल, तर तो आपल्या खुशीचा मामला आहे, सक्तीचा नव्हे.

हे सर्व एका कागदावर मागण्याचा हक्क आता प्रत्येक ऋणकोला आहे. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नव्या घरकर्जांना 'मुख्य तथ्य विवरण' द्यावेच लागते, आणि तेही ऋणकोला समजेल अशा भाषेत. आपण मराठीत मागावे! वकील, विमा अशा तिऱ्हाइतांसाठी बँक जे पैसे घेते तेही त्यात दाखवावे लागतात. जे शुल्क त्यात नाही, ते कर्ज फिटेपर्यंत ऋणकोच्या स्पष्ट संमतीवाचून बँकेला घेता येत नाही. हे विवरण हाती आल्यावर विचार करायला निदान तीन कामकाजाचे दिवस मिळतात.

मुलांच्या शिक्षणासाठी उदगीर-निलंग्याहून लातुरात येऊन औसा रोडला दोन खोल्या घेणाऱ्या शेतकऱ्याला हे कोणी सांगत नाही. त्याची पुंजी सोयाबीनच्या पट्टीची, आणि एक टक्का म्हणजे पोराच्या क्लासच्या फीचा हप्ता.

म्हणून एजंट पहिल्यांदा दारात येईल त्याच दिवशी, चहा येण्यापूर्वी, त्याला विचारावे: "तुम्हाला बँक किती देते, आणि आमच्याकडून काही घेणार काय?" काही घेणार असेल तर आकडा त्याच्या हस्ताक्षरात घ्यावा. नंतर शाखेत जाऊन हा माणूस आपलाच नेमलेला आहे काय, याची खातरजमा करावी. इसारपावतीत "कर्ज नामंजूर झाल्यास किंवा मंजुरीस विलंब झाल्यास बयाणा परत अथवा मुदतवाढ" ही ओळ घालून घ्यावी. विक्रेता कुरकुरेल, पण बहुधा मान्य करील. ती ओळ असली, की एजंटाच्या हातातली निम्मी छडी गेली.

आणि पैसे देऊन बसला असाल तर? फोनवरून दिले असल्यास त्याची नोंद आहे, ती जोडून शाखेला लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. तीस दिवसांत उत्तर न आले किंवा समाधान न झाले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, तेथे फी पडत नाही. रोख दिलेले, बिनपावतीचे पैसे परत मिळविणे मात्र फार कठीण. तरीही तक्रार लिहावी. त्याच एजंटाची पुढची फाइल कोणाची तरी असतेच, आणि त्या घरीही पाडव्याची तयारी चालू असते.