मे महिन्यातलं लेह आणि परतीचं तिकीट

मार्च संपला की ऑफिसात कुणीतरी विचारतंच, "काय रे, मे महिन्यात मनाली-लेह बाइकने जमेल का?" सोबत एक्सेल शीट असते. पहिला मुक्काम जिस्पा, दुसरा सर्चू, तिसरा लेह. आणि शेवटच्या ओळीत ठळक अक्षरात परतीचं विमान. माझ्या मते गडबड तिथेच आहे.

२०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाला आणि रोहतांगचा घाट टळला, हे मान्य. पण पुढची बारालाचा खिंड आहे तिथेच आहे, सुमारे १६,००० फुटांवर. भूमध्य समुद्राकडून पश्चिमी झंझावात आला की तिथे मे महिन्यातही बर्फ पडतो. आपण मात्र मोबाइलवर केलाँगचं हवामान बघून खूश! हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, आणि खिंड केलाँगपासून जवळपास १,८०० मीटर वर आहे. खाली १० अंश असले तरी वर शून्याखालीच. ऊन पडलं तरी सुटका नाही. दुपारी बर्फ वितळून नाले रस्त्यावर येतात, रात्री तेच पाणी गोठतं आणि पहाटे त्यावरून चाक घसरतं.

आम्हीही एकदा झिंगझिंगबारला भुरभुर सुरू झालेली बघूनसुद्धा पुढे गेलो. का? तर सोमवारी ऑफिस! थोड्याच अंतरावर मित्राची गाडी आडवी झाली. माझी बोटं इतकी बधिर झाली होती की क्लच दाबता येईना. एका ट्रकवाल्याने दोघांना खाली दारच्याला आणून सोडलं, म्हणून निभावलं. त्या दिवशी निर्णय आम्ही घेतलाच नव्हता, तिकिटाने घेतला होता.

असो. तर माझं म्हणणं एवढंच. दोन दिवस मोकळे ठेवा आणि तेही खिंडीच्या अलीकडे, जिस्पा किंवा केलाँगला. लेहला पोचल्यावर उरलेले दिवस खिंडीत उपयोगाचे नाहीत. अलीकडे थांबलात तर शरीरालाही उंचीची सवय होते. किती वाजेपर्यंत खिंड पार झाली नाही तर मागे फिरायचं, हे सगळ्यांनी मनालीतच ठरवा. वर गेल्यावर डोकं धड चालत नाही.

"एवढी सुट्टी कुठून आणू?" मग लाहौल बघून परत या. लेह सप्टेंबरमध्येही जागेवरच असतं.

दोन ओळींच्या बदलासाठी आपण क्लायंटकडे आठवडा मागतो. हिमालयाला दोन दिवस द्यायला काय हरकत आहे?